तेवीस नंबरची सुई

सकाळचे दहा वाजलेत. मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं हे रुग्णालय. पॅथॉलॉजी विभागाच्या अगदी टोकाला एफएनएसीची खोली आहे. बारीक सुईनं गाठीतल्या पेशी काढायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासायच्या, एवढंच काम इथं चालतं. बाहेरच्या बाकावर माणसं केसपेपर हातात धरून बसली आहेत. एकीच्या गळ्याला गाठ आहे, एकाच्या काखेत, एका शाळकरी मुलाच्या कानामागे. बहुतेक जण पहाटेच्या एसटीनं आलेत. कुणी फारसं बोलत नाही.

आत एक तपासणीचा पलंग, हात धुवायचं बेसिन आणि चाकाची स्टीलची ट्रॉली. ट्रॉलीवर 10 मिलीच्या सिरिंज, निळ्या बुडाच्या तेवीस नंबरच्या सुया, स्पिरिट, कापसाचे बोळे, काचपट्ट्या आणि अल्कोहोलनं भरलेली काचेची बरणी. या सुईची जाडी 0.6 मिलिमीटरच्या आसपास. दंडातून रक्त घेतात ती सुई बहुधा हिच्याहून जाडच असते. टेक्निशियन दादा काचपट्ट्यांच्या कडेवर डायमंड पेन्सिलनं नंबर कोरतायत. डॉक्टर मॅडम हातमोजे चढवतायत. सोबत एमडीच्या दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर आहे. विभागाची परवानगी आणि आत येणाऱ्या प्रत्येकाची संमती घेऊन मी भिंतीजवळच्या स्टुलावर बसले आहे.

पहिला येतो तो एक टेम्पोचालक. पाठीवर दोन सेंटिमीटरची गाठ. शर्ट काढता काढता तो सांगतो, “घरी कुणाला बोललो नाही मॅडम. कॅन्सर असला तर उगाच सगळे घाबरतील.” सुई आत जाते आणि सिरिंजच्या तोंडाशी पांढरा, दाट, वास येणारा ऐवज दिसतो. मॅडमना तेवढ्यावरूनच अंदाज येतो. कातडीखालची साधी पिशवी आहे, आत केराटिन साठलंय. काचपट्टी पाहून त्या तसं लिहून देतात. तो दाराशी थांबून दोन्ही हात जोडतो आणि जातो.

मग आजी येतात. सत्तरी ओलांडलेली, नऊवारी लुगडं, कपाळावर आणि हातांवर गोंदण. मुलानं दंडाला धरलंय. केसपेपरवर सर्जरी ओपीडीचा शेरा आहे : उजव्या जांघेत गाठ, तीन महिने.

“आजी, दुखतं का?”

“दुखत न्हाई बघ बाई. अवधाण आलंय नुसतं. बसंल म्हणलं आपोआप, पण जातच न्हाई.”

पायाला जखम झाली की जांघेत येणाऱ्या गाठीला गावाकडं अवधाण म्हणतात. मॅडम गाठीला हात लावण्याआधी म्हणतात, “पाय बघू आजी.”

“पायाला काही नाही मॅडम,” मुलगा मध्येच म्हणतो. “जुनं कुरूप आहे टाचेला.”

मॅडम आजींचं पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला वळवतात. मी स्टुलावरून उठून जवळ जाते. टाच भेगांनी भरलेली आहे, उभा जन्म रानात चाललेल्या बाईची टाच. तिच्या आतल्या बाजूला तीन सेंटिमीटरचा एक डाग आहे. कडा वेड्यावाकड्या. एका बाजूला फिकट तपकिरी, दुसऱ्या बाजूला निळसर काळा. रंग एका भेगेत उतरून पलीकडे पसरलाय. मधोमध उंचवटा आहे आणि त्याच्या माथ्यावर ओलसर, फुटलेली जागा. मॅडम निवासी डॉक्टरकडे पाहतात. तीही डागाकडेच बघतेय. दोघी काही बोलत नाहीत.

“हे कधीपासून आहे आजी?”

“झाली की चार वर्सं. तुरीचं धसकट लागलं व्हतं, तवापासून. बिब्बा लावला. मागल्या साली गावातल्या एकानं बिलेडनं कापून काढलं, तर पुन्यांदा आलं.”

मॅडम केसपेपरवर टाचेचं चित्र काढतात, डागाची मापं लिहितात, सिरिंजला सुई लावतात. तेवढ्यात मुलगा पुढं होतो. त्याच्या मनात हे बराच वेळ घोळत असावं.

“मॅडम, सुई लावायचीच का? गाठीला सुई लागली की आजार पसरतो म्हणतेत लोकं. म्हणून तर दोन महिने आलो नाही आम्ही.”

मॅडम सिरिंज ट्रेमध्ये ठेवतात आणि पलंगाजवळ स्टूल ओढून बसतात. बाहेर रांग आहे, तरी त्या घाई करत नाहीत. “हे बघा दादा, या बारीक सुईनं आजार पसरल्याची उदाहरणं अत्यंत विरळ आहेत. जगभर इतकी वर्षं ही तपासणी चाललीय. आता मला सांगा, हा आजार टाचेवर सुरू झाला असेल आणि आता जांघेपर्यंत आला असेल, तर मधल्या काळात त्याला सुई कुणी लावली होती?”

मुलगा खाली बघतो. आजीच म्हणतात, “लाव बाई तू. एवढं लांबून आलोय ते काय तसंच परत जायला?”

निवासी डॉक्टर हलक्या आवाजात विचारते, “टाचेतूनही घ्यायचं का?” मॅडम नकारार्थी मान हलवतात. टाचेवरच्या डागाचा तुकडा सर्जन काढतील. सुईनं सुट्या पेशी मिळतात, कातडीचे थर मिळत नाहीत. रंगपेशींचा कॅन्सर, म्हणजे मेलॅनोमा, असेल तर तो कातडीत किती खोल उतरलाय हे मिलिमीटरमध्ये मोजावं लागतं. अलेक्झांडर ब्रेस्लो या पॅथॉलॉजिस्टनं 1970 साली हे माप मांडलं आणि मूळ डागाची शस्त्रक्रिया किती मोठी करायची हे आजही त्याच्या आधारे ठरतं. ते माप तुकड्यावरच घेता येतं. आजार टाच सोडून पुढं गेलाय का, हा आजचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर जांघेतल्या गाठीत आहे.

मॅडम डाव्या हाताच्या दोन बोटांमध्ये गाठ घट्ट धरतात. हललेली गाठ सुई चुकवते, म्हणून बोटांची पकड महत्त्वाची. स्पिरिटचा बोळा फिरतो. “आजी, मुंगी चावल्यागत होईल. श्वास घ्या आणि हलू नका.” सुई आत जाते. दट्ट्या मागं ओढला जातो आणि सिरिंजमध्ये पोकळी तयार होते. तो ताण तसाच ठेवून सुई गाठीतल्या गाठीत मागं-पुढं होते, दर खेपेला थोडी दिशा बदलून. मॅडमची नजर सिरिंजच्या तोंडाशी खिळली आहे. गाठीतला ऐवज सुईच्या बुडाशी दिसला की थांबायचं. सुई बाहेर काढण्याआधी त्या दट्ट्या सोडतात. ताण तसाच राहिला तर बाहेर येताना सगळं सिरिंजच्या नळीत खेचलं जातं आणि काचेवर घ्यायला काही उरत नाही. अर्ध्या मिनिटाच्या आत सुई बाहेर. निवासी डॉक्टर बोळा दाबून धरते.

“झालं?” आजी विचारतात.

“झालं आजी.”

मॅडम सुई वेगळी करतात, सिरिंजमध्ये हवा भरून घेतात, सुई पुन्हा बसवतात आणि काचपट्टीवर टोक टेकवून दट्ट्या ढकलतात. काचेवर एक थेंब पडतो. गाठीतला ऐवज बहुधा पांढुरका किंवा रक्ताळ असतो. हा थेंब काजळासारखा काळा आहे.

मॅडम, निवासी डॉक्टर आणि टेक्निशियन दादा, तिघांनाही तो दिसलाय. चेहऱ्यावर कुणी काही येऊ देत नाही. दुसरी काचपट्टी वरून अलगद सरकते आणि थेंबाचा पातळ थर होतो. दोन पट्ट्या लगेच अल्कोहोलमध्ये जातात. हवेत क्षणभर जरी वाळल्या तरी पेशींचं केंद्रक नीट दिसत नाही. त्यांना पुढं पॅपानिकोलाऊचा रंग दिला जाईल. दोन पट्ट्या मुद्दाम हवेत वाळवायच्या. टेक्निशियन दादा त्या हलक्या हातानं हलवत रंगवायच्या टेबलाकडं नेतात, त्यांना जिम्साचा रंग. सुईत राहिलेलं थोडंसं एका लहान बाटलीत धुऊन घेतात. त्याचा सेल ब्लॉक होईल, म्हणजे सुट्या पेशी एकत्र घट्ट करून मेणात बसवल्या जातील आणि गरज पडली तर त्यांवर एस-100, एचएमबी-45 अशा खास चाचण्या करता येतील. खर्च किती? एक सिरिंज, एक सुई, चार काचपट्ट्या, थोडे रंग.

“आजी, बाहेर बसा थोडा वेळ. चहा घ्या. मी सांगितल्याशिवाय जाऊ नका.”

रंग चढेपर्यंत पुढच्या मावशी आत येतात. पन्नाशी-साठीच्या, शेजारच्या तालुक्यातल्या. पदर बाजूला करून त्या कमरेची उजवी बाजू दाखवतात. परकराची नाडी बसते तिथं कमरेभोवती काळपट, राठ पट्टा उमटलाय. पट्ट्याच्या एका टोकाला जखम आहे. मध्ये खोलगट, कडा वर उचललेल्या आणि हाताला कडक लागणाऱ्या.

“नाडी काचती डॉक्टर. आधी नुसतं खाजायचं. मग कातडं निघालं. मलम लावलं की बरं वाटायचं, पुन्हा तेच. दीड वर्ष झालं.”

मॅडम हात न थांबवता निवासी डॉक्टरला सांगू लागतात आणि मी लिहून घेत राहते. डॉ. वसंत रामजी खानोलकर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पॅथॉलॉजी विभाग सांभाळत होते. 1945 साली त्यांनी आणि सूर्याबाई यांनी ‘आर्काइव्हज ऑफ पॅथॉलॉजी’मध्ये एक निबंध लिहिला. भारतातल्या चालीरीतींशी जोडलेले कॅन्सर हा त्याचा विषय. कमरेला वर्षानुवर्षं घट्ट धोतर नेसून तिथल्याच कातडीवर उठणारा कॅन्सर त्यांनी त्यात नोंदवला आणि ‘धोती कॅन्सर’ हे नाव वैद्यकाच्या पुस्तकांत गेलं. पुढं साडी आणि परकराच्या नाडीखालीही तोच आजार दिसला. 2024 साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये अशा दोन स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यातल्या एकीचा आजार जांघेतल्या ग्रंथीपर्यंत गेलेला होता.

मावशींच्याही जांघेत एक गाठ लागते. ती कॅन्सरची असू शकते, किंवा दीड वर्षाच्या चिघळत्या जखमेनं सुजलेलीही असू शकते. हातानं चाचपून यातलं काहीच ठरत नाही. मॅडम दोन जागी सुई लावतात, एकदा जांघेतल्या गाठीला आणि एकदा जखमेच्या कडक कडेला. मावशी डोळे मिटून घेतात आणि ओठांतल्या ओठांत विठ्ठलाचं नाव घेतात. दुसऱ्या टोचणीनंतर त्या डोळे उघडतात. “एवढंच व्हय? याच्यापायी मी दोन वेळा ओपीडीतनं पळून गेले.”

टेक्निशियन दादांची हाक येते. “मॅडम, आजींची स्लाइड तयार आहे.”

शेजारच्या खोलीत अनेकांना एकाच वेळी बघता येईल असा शिकवण्याचा सूक्ष्मदर्शक आहे. एका भिंगाशी मला जागा मिळते. आधी कमी शक्तीचं भिंग. जांघेतली गाठ म्हणजे लसिकाग्रंथी, तिथं बहुतेक लहान, गोल, गर्द जांभळ्या पेशी दिसायला हव्यात. त्या आहेत, पण थोड्या. बाकी सगळीकडं मोठ्या पेशी विखुरल्यात. एकमेकींना चिकटलेल्या नाहीत, सुट्या-सुट्या पडल्यात. मॅडम भिंग फिरवून मोठं करतात. आता एकेक पेशी स्पष्ट होते. केंद्रक मधोमध नाही, एका कडेला सरकलेलं. काहींत दोन-दोन केंद्रकं. प्रत्येक केंद्रकात एक ठळक, मोठी केंद्रिका. एका केंद्रकात तर गोल, स्वच्छ पोकळी दिसते. पेशीतला द्रव केंद्रकात घुसला की अशी दिसते, असं मॅडम सांगतात. आणि बऱ्याच पेशींच्या अंगावर निळसर काळी बारीक रवाळ पूड पसरली आहे.

“मेलॅनिन?” निवासी डॉक्टर विचारते.

“मेलॅनिनच वाटतं. पण गाठीत जुनं रक्त जिरलं असलं तरी असा रंग येतो. म्हणून नुसत्या रंगावर जायचं नाही. पेशी कशी आहे ते आधी बघ. कधी कधी मेलॅनोमात रंग अजिबात नसतो आणि तो दुसऱ्याच कुठल्या तरी कॅन्सरसारखा दिसतो. तेव्हा सेल ब्लॉक आणि एचएमबी-45.”

इथं पूडही आहे आणि पेशीही बोलतायत. टाचेवरचा डाग आहेच. मॅडम दोन पट्ट्या पुन्हा पुन्हा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहतात. कॅन्सर हा शब्द लिहिण्याआधी प्रत्येक वेळी त्या असंच करतात, असं त्यांची विद्यार्थिनी मला सांगते.

आपल्याकडं त्वचेचा कॅन्सर तुलनेनं कमी आढळतो. कातडीतलं मेलॅनिन उन्हापासून आपलं बरंच रक्षण करतं. गोऱ्या कातडीच्या लोकांत मेलॅनोमा पाठीवर, पायांवर, उन्हाचा मारा बसलेल्या अंगावर होतो. सावळ्या आणि काळ्या माणसांत तो होतो तेव्हा बहुतेकदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, जिथं ऊन फारसं पोचत नाही आणि नजरही पोचत नाही. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली 1977 साली हाच आजार सापडला आणि 1981 साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो गेला. कुरूप, मोडलेला काटा, मुका मार, चपलेचा चावा अशा नावांखाली आपल्याकडं हा डाग वर्षानुवर्षं घरात वावरतो.

मावशींच्या जांघेतल्या पट्टीवर वेगळं चित्र आहे. लहान पेशी, मध्यम पेशी, मोठ्या पेशी, सगळ्या वयाच्या एकत्र. मधूनमधून मेलेल्या पेशींचा कचरा गिळणाऱ्या भक्षक पेशी. जखमेशी लढणारी ग्रंथी अशीच दिसते. बाहेरची एकही पेशी नाही. मॅडमच्या खांद्यांवरचा ताण थोडा उतरतो. “ग्रंथी सुजलेली आहे, आजार नाही. पण सुईनं ‘नाही’ म्हटलं की विषय संपला असं धरायचं नाही. गाठ तशीच राहिली किंवा वाढली तर पुन्हा सुई.” जखमेच्या कडेची पट्टी पॅपानिकोलाऊच्या रंगातून दुपारी बाहेर येते. तिच्यावर भडक नारिंगी रंगाच्या वेड्यावाकड्या पेशी दिसतात, लांबट, टोकदार, आणि त्यांची केंद्रकं काळीकुट्ट. नारिंगी रंग केराटिनचा. कातडीच्या खपली धरणाऱ्या पेशींचा हा कॅन्सर, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. जखमेच्या कडेचा तुकडा काढून त्याची खोली आणि पसारा बघायचा आहेच. पण ग्रंथी मोकळी दिसतेय, त्यामुळं मावशींचं पारडं जड आहे. त्यांना आजच सर्जरी विभागाकडं पाठवलं जातं. नाडी सैल बांधा, जागा बदलत राहा, हे निवासी डॉक्टर त्यांना आणि बाहेर बसलेल्या त्यांच्या सुनेलाही बजावते.

सूक्ष्मदर्शकाशेजारच्या भिंतीवर एफएनएसीचा इतिहास सांगणारा विद्यार्थ्यांचा तक्ता लावलाय. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात हेज मार्टिन या सर्जनने आणि एडवर्ड एलिस या टेक्निशियनने 1930 साली सुईनं गाठी तपासण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांची सुई अठरा नंबरची, म्हणजे आजच्या हिच्या दुप्पट जाड. पुढं 1950-60च्या दशकांत स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सुई बारीक केली आणि तपासणी रुजवली. सुई इतकी बारीक आहे ती त्यांच्यामुळं.

मॅडम आजींच्या मुलाला आत बोलावतात. आजींनाही. “म्हाताऱ्या माणसाला कशाला सांगायचं,” असं तो पुटपुटतो. मॅडम म्हणतात, “पाय त्यांचा आहे. त्यांनाही ऐकू द्या.”

“आजी, गाठीत वाईट पेशी दिसतायत. टाचेवरचं कुरूप नाही, तो डाग आहे आणि तिथूनच त्या आल्यात असं दिसतं. पक्का रिपोर्ट उद्या देते. पण आज सर्जनना दाखवूनच जायचं. टाचेचा तुकडा काढतील, मग स्कॅन. आजार आणखी कुठं गेलाय का ते बघून उपचार ठरतील.”

“कॅन्सर हाय का?” आजी सरळ विचारतात.

“हो आजी. कॅन्सरच दिसतोय. पण काय आहे आणि कुठं आहे ते आता कळलंय. त्यामुळं उपचार नेमका करता येईल.”

मुलाचा चेहरा उतरतो. तो भिंतीला टेकतो आणि काही वेळानं म्हणतो, “त्या ब्लेडवाल्याकडं नेण्यापेक्षा तेव्हाच इथं आणलं असतं तर?” मॅडम त्याच्या खांद्यावर हात ठेवतात. खोटा दिलासा देत नाहीत, बोलही लावत नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र कुठं बसतो ते त्या सांगतात, रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत आणायला सांगतात, आणि निवासी डॉक्टरला त्यांच्याबरोबर सर्जरी ओपीडीपर्यंत पाठवतात. “चिठ्ठी देऊन सोडू नकोस. हाताला धरून ने.”

त्या वाक्याचं मोल या खोलीत बसल्यावर कळतं. काचपट्टीवर उत्तर मिळालं म्हणजे काम संपत नाही. इथून बाहेर पडलेला माणूस पुढच्या दारापर्यंत पोचला नाही, तर ती काळी पट्टी नुसती कपाटात राहते. या खोलीतली माणसं काच बघतात आणि माणसाला पुढच्या दारापर्यंतही नेतात.

ही तपासणी फार महाग नाही, फार दुखत नाही, भूल लागत नाही, अॅडमिट व्हावं लागत नाही. तिनं आजार पसरतो ही समजूत मात्र गावोगावी पसरलीय आणि तिच्यापायी माणसं दोन महिने, चार महिने, वर्षभर घरी बसतात. कॅन्सर त्या काळात थांबत नाही. म्हणून वाचणाऱ्याला माझी कळकळीची विनंती आहे. घरातल्या मोठ्या माणसांचे तळपाय आज उजेडात नीट बघा, नखंही बघा. तळपायावर, तळहातावर नवा काळा डाग दिसला, जुना डाग वाढला, त्याचा रंग किंवा कडा बदलल्या, त्यातून रक्त आलं, नखाखालची काळी रेघ रुंद होत गेली, तर त्वचारोग विभागात दाखवा. भाजल्याच्या जुन्या व्रणात किंवा कमरेच्या नाडीखाली झालेली जखम महिना-दीड महिन्यात भरली नाही, तरी दाखवा. बिब्बा लावू नका, ब्लेड लावू नका. आणि जांघेत, काखेत, मानेत गाठ राहिली आणि डॉक्टरांनी सुईची तपासणी सांगितली, तर त्याच दिवशी ती करून घ्या.